मिशीवालं पोतं

वायरमनच्या आईनं हात सोडला, तशी साहेबांची बायको दोन पावलं मागं सरकली आणि पर्समधून ओला कागदी रुमाल काढून हात पुसायला लागली. आधी तळवा, मग बोटांच्या बेचक्या, मग अंगठीच्या खालची जागा. म्हातारीच्या हातावर साखरेचा कापूस वितळून चिकटला होता आणि सकाळपासून तिनं ज्या ज्या पाळण्याची दांडी धरली असेल तिचा गंज आणि घाम त्या चिकट्यावर बसला होता. रुमाल मळकट गुलाबी झाला. तो चिमटीत धरून ती कचऱ्याचा डबा शोधू लागली. डबा सापडला, पण त्याच्या झाकणावर कुणीतरी अर्धं खाल्लेलं कणीस उभं करून ठेवलं होतं. तिनं रुमाल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि परत पर्समध्ये टाकला.

"किती साध्या हो तुम्ही," म्हातारी जाताजाता म्हणाली होती. "साहेबांच्या घरच्या असून आमच्यात मिसळता."

मिसळायची तिला अजिबात हौस नव्हती. साहेबांची बायको म्हणून वर्षातून एक दिवस इथं यावं लागे, हसावं लागे आणि असे हात हातात घ्यावे लागत. कामगारांच्या बायका आपल्याला मागं 'साबणबाई' म्हणतात, हे तिला लेकीकडून कळलं होतं. त्याचं तिला फारसं वाईट वाटलं नव्हतं. यातल्या निम्म्या बायकांनी जरा साबण वापरला असता तर बरंच झालं असतं, असं तिचं मत होतं.

एरवी या पार्कात दोन मिनिटांच्या पाळण्यासाठी तासभर रांगेत ताटकळावं लागे. रांगेसाठी बांधलेले लोखंडी कठडे आज रिकामे होते आणि पोरं त्यांच्याखालून वाकून सरळ पळत होती. वार्षिक दुरुस्तीला पार्क महिनाभर बंद असे. लोकांना दारं उघडायच्या आदल्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना तो मोकळा सोडत. फाटकावर 'कुटुंबदिन' असा फलक लागे. कल्पना तिच्या नवऱ्याची. सगळे पाळणे, त्यांची दुरुस्ती आणि त्यांच्यावर काम करणारी माणसं त्याच्या हाताखाली होती. एवढ्या मोठ्या जागेत आज जेमतेम चाळीस-पन्नास घरं आली होती. कुठल्याही पाळण्यात चढावं, हवं तितक्या वेळा बसावं, मागं कुणी खोळंबलेलं नाही.

आणि मागं कुणी खोळंबलेलं नसलं की माणूस कसा होतो, ते ती सकाळपासून बघत होती. गर्दीत निदान शेजारच्याची लाज असते. इथं लाकडी घोड्यांवर बसलेल्या बायका उतरायलाच तयार नव्हत्या. घोडा वर गेला की घास, खाली आला की घास. माळ्याच्या धाकट्या भावाला आठ हातांच्या चक्रात उलटी झाली, त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि जागा बदलून परत तिथंच बसला. कुणाचं तरी पोर परीच्या किल्ल्यामागं उभं राहून भिंत ओली करत होतं आणि त्याची आई पलीकडून "झालं का रे?" असं विचारत होती. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण पोटाला झेपेल एवढं तरी घ्यावं. महिनाभर झाकून ठेवलेल्या बैठकांना कुबट वास येत होता, खोलगट जागी साचलेलं पाणी कुणी पुसलं नव्हतं आणि लोक त्यातच बसून खिदळत होते. 

"आई, आता तरी चल ना," लेक म्हणाली. तिला घरी भिंगरी म्हणत. एका जागी उभं राहायचं असलं तरी ती स्वतःभोवती फिरायची.

"आधी त्यांचं होऊ दे. बाबांनी काय सांगितलंय?"

"चारनंतर," भिंगरी तोंड वाकडं करून म्हणाली. "दरवर्षी चारनंतर. तोवर सगळी मजा संपते."

"मजा कुठं संपतेय? पाळणे तेच आहेत."

हा घरातला नियम होता. कुटुंबदिनाला साहेबांची माणसं शेवटी. पहिल्या वर्षी नवऱ्यानं हे सांगितलं, तेव्हा तिला भरून आलं होतं. "आपण पुढं घुसलो तर बरं दिसणार नाही," तो म्हणाला होता. "त्यांचा दिवस आहे, आधी त्यांना बसू दे." ती हे बहिणीला फोनवर सांगत असे, जावेला सांगत असे. ऑफिसातून आल्यावर चहाचा कप न उचलणाऱ्या नवऱ्याबद्दल चारचौघांत सांगण्यासारखं तिच्याकडे फार काही नव्हतं. जे होतं, त्यात हे पहिलं होतं.

समोर आकाशपाळणा थांबला. ऑपरेटर, जाड मिशांचा आणि खड्या आवाजाचा माणूस, लोकांना बसवत होता.

"मावशी, तुम्ही ह्या डब्यात. काका, तुम्हीही तिथंच. नाही, लहान पोरं नकोत ह्यात. जड माणसं एका बाजूला येऊ द्या."

"वजनदार माणसं आम्ही," फिटरची बायको डब्यात शिरत ओरडली. डबा करकरला. "आम्हाला कुठंही बसव बाबा, जागा भरूनच निघणार!"

सगळे हसले. ऑपरेटरनं एका बाजूचे डबे गच्च भरले, दुसरी बाजू रिकामी सोडली आणि पाळणा फिरवला. भरलेली बाजू वर चढताना खालून यंत्राचा कण्हल्यासारखा आवाज आला. पाळणा थांबला, मग उलटा फिरला. ऑपरेटर खाली वाकून कसला तरी आवाज ऐकत होता. मग त्यानं सगळ्यांना उतरवलं आणि दुसऱ्या बाजूला बसवलं.

"आता हा खेळ उलटा!" पोरं ओरडली.

ह्यांना उठ म्हटलं की उठतात, बस म्हटलं की बसतात, मेंढरं नुसती, असं तिच्या मनात आलं. तिनं तोंडावर रुमाल धरला आणि भिंगरीला ओढत मांडवाकडे निघाली. जेवायची वेळ झालीच होती.

मांडव घोड्यांच्या मागच्या मोकळ्या जागेत होता. वारा सुटला होता आणि कापड वर उचललं जाऊन फडफडत होतं. कागदी ताटल्या उडून गवतावर पालथ्या पडल्या होत्या. खांबांच्या बुडाशी वजनं म्हणून लांबट पोती टाकली होती आणि एका पोत्यावर बसून दोन पोरं बोटं चाटत होती. ती भिंगरीसाठी जरा स्वच्छ कोपरा बघत होती. पोरं उठून पळाली, तेव्हा तिची नजर त्या पोत्यावर गेली.

पोत्याला मिशी होती.

कधीकाळी काळी असलेली आता तपकिरी झाली होती, पण मिशीच होती. टोकाला वळवलेली, सासऱ्यांना होती तशी. वर दोन टिंबांचे डोळे. ती खाली वाकली. जाड ताडपत्रीचं कापड, दोन्ही टोकांना पट्ट्याची मूठ आणि कडेनं दुहेरी शिवण, एक टाका आत, एक बाहेर. अशी शिवण तिनं फक्त आईची पाहिली होती आणि आईकडूनच ती शिकली होती. तिनं अंगठा शिवणीवरून फिरवला. अंगठ्याला काळं लागलं, ते पुसायचं तिच्या लक्षात आलं नाही.

लग्न नवं होतं तेव्हाची गोष्ट. नवरा या पार्कात साधा इंजिनिअर म्हणून लागला होता. पाळण्यांची चाचणी घ्यायला वाळूची पोती लागत, माणसाच्या वजनाची, माणसाच्या जागी बसतील अशी. बाजारातली फाटत होती. "मी शिवून देते," असं ती म्हणाली होती. घरच्या मशीनवर शिवताना सुया मोडल्या, बोटांना घट्टे पडले. शेवटच्या पोत्यावर तिनं गंमत म्हणून मिशी काढली आणि नवरा इतका हसला की त्याला ठसका लागला. मग तो रोज केसांत वाळू घेऊन घरी यायचा. न्हाणीघरात वाळू, ताटात वाळू, अंथरुणात वाळू. ती वैतागायची. तो म्हणायचा, "माणसाच्या आधी वाळू बसली पाहिजे ग. वाळू पडली तर आपण झाडून घेऊ."

तेव्हा वाळूचा तिला किती तिटकारा होता, आणि त्याचा किती अभिमान होता.

"काय बघतेस खाली?" नवरा मागून आला. हातात भोंगा, अंगात पांढरा शर्ट. सकाळपासून उन्हात उभा असूनही शर्टाची घडी मोडली नव्हती.

"ही पोती इथं काय करतायत?"

"कसली पोती? अच्छा, ही होय. वारा आहे ना. मांडव उडेल."

"जहाजाच्या झोक्याला लागतील ना? वरची मोठी बेअरिंग बदलली म्हणत होतात."

"नाही लागत आता."

"चाचणी घेत नाही?"

"घेतो की. न घेऊन कसं चालेल?"

"कधी?"

त्यानं मनगटावरचं घड्याळ सारखं केलं. मांडवात फिटरची बायको कुणाच्या तरी ताटलीतलं उचलून खात होती आणि तो फिटर, तिचा नवरा, तिच्या पाठीत गुद्दा घालून हसत होता.

"चालूच आहे ना सकाळपासून," तो म्हणाला.

तिला आधी कळलं नाही. मग तिला आकाशपाळण्याची एक भरलेली आणि एक रिकामी बाजू आठवली. जड माणसं इकडं, लहान पोरं तिकडं. यंत्राचं कण्हणं आणि खाली वाकून ऐकणारा ऑपरेटर. आता हा खेळ उलटा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशी इतकी वर्षं ती त्याच पाळण्यासमोर बाकावर बसून नाक मुरडत होती.

"ह्या माणसांवर?" तिनं विचारलं.

"हळू बोल जरा." तो जवळ आला. "पोती भरायची, चढवायची, बांधायची, परत उतरवायची. चार-चार दिवस मोडायचे त्यात. आणि पोतं मेल्यासारखं पडून असतं. माणूस उड्या मारतो, झुकतो, पोरं एका बाजूला रेलतात, ते पोत्याला काय जमणार? शिवाय एक सांगू? स्वतःची बायको-पोरं बसणार म्हटल्यावर फिटर बोल्ट चारदा बघतो. पोत्यांसाठी नाही बघत."

हे सांगताना त्याला थोडा अभिमान वाटत होता. चांगली युक्ती सुचलेल्या माणसाला वाटतो तसा.

"त्यांना माहीत आहे?"

"कुणाला?"

"ह्यांना. ह्या म्हाताऱ्यांना, बायकांना."

"त्यात सांगण्यासारखं काय आहे? मशीन ठणठणीत आहे. मी स्वतः बघितलंय. हा नुसता सोपस्कार. आणि लोक किती खूश आहेत ते बघ. विचार कुणालाही."

"मग भिंगरीला बसू दे जहाजात. पहिल्या फेरीत."

"ती आत्ता जेवलीय."

"जेवली नाही. तिची ताटली कोरी आहे अजून."

भिंगरी कोरी ताटली डोक्यावर धरून गोल गोल फिरत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा घड्याळाच्या पट्ट्याशी चाळा सुरू केला.

"चारनंतर बसेल ना. दरवर्षी बसते तशी. उगाच फाटे फोडू नकोस."

आणि तिची समजूत काढायला म्हणून त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. हात कोरडा होता, नखं नीट कापलेली, तिनंच आणलेल्या साबणाचा वास येत होता. तिच्या पोटातून कढ वर आला. सकाळपासून चिकट हात, नाकं, उलटी, ओली भिंत हे सगळं पाहून जे झालं नव्हतं ते त्या स्वच्छ हातानं झालं. ती खांदा काढून बाजूला झाली. तिथलं कापड चिमटीत धरून झटकावं असं तिला वाटलं.

तिला स्वतःचीही शिसारी आली, त्याच्याइतकीच. चारनंतर म्हणजे काय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. दिवसभर या लोकांनी हालवून, लोंबकळून, एका बाजूला रेलून बघितलेल्या पाळण्यात संध्याकाळी आपली लेक ऐटीत बसवायची, आणि वर बहिणीला सांगायचं की आमच्या ह्यांना किती जाण आहे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे निदान उघड तरी असतं. इथं दुसऱ्याच्या कार्ट्याकडून आभार मानून घेतले जात होते.

भोंगा खरखरला.

"आता तुमच्यासाठी खास!" नवऱ्याचा आवाज सगळीकडे घुमला. "जहाज! सगळ्या गावाच्या आधी तुम्ही बसणार. उद्या लोक तासभर रांग लावतील. आज तुम्ही मालक!"

मांडवात टाळ्या वाजल्या. ताटल्या तिथंच टाकून लोक पळाले. माळ्याचा भाऊ सगळ्यांच्या पुढं होता, सकाळची उलटी विसरून. फिटरची बायको धापा टाकत होती, वायरमनची आई दोन नातवंडांना दोन हातांनी धरून लगबगीनं चालली होती.

ती मांडवाच्या तोंडाशी उभी राहिली. थांबा म्हणायला तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण थांबा म्हटल्यावर का ते सांगावं लागलं असतं. माझा नवरा तुम्हाला पोत्यांच्या जागी बसवतो, हे वाक्य तिनं मनात एकदा म्हणून पाहिलं आणि ते जिभेवर येईना. चौदा वर्षांचा संसार, भिंगरी, बहिणीला केलेले फोन, सगळं त्या वाक्याला लटकलं होतं. लोक तिच्या अंगावरून पुढं गेले. एका पोराचा ओला हात तिच्या कपड्याला पुसला गेला.

मग तिनं भिंगरीचं मनगट धरलं, नवऱ्यापाशी गेली आणि ते मनगट त्याच्या हातात दिलं.

"हिला धरा."

"तू कुठं?"

ती जहाजाच्या पायऱ्या चढायला लागली. रांगेच्या कठड्यांमधून वळसे घेत जायचं कारण नव्हतं, ती कठड्याखालून वाकून गेली.

जहाज मोठं होतं, दोन्ही टोकांना वर उचललेलं, आडव्या बाकांच्या ओळींचं. मिशाळ ऑपरेटर इथं आला होता. टोकांच्या ओळी त्यानं आधी भरल्या होत्या. तिला पाहून तो गोंधळला.

"मॅडम, तुम्ही? तुमचं चारनंतर असतं ना?"

"कुणी सांगितलं?"

"असं काय करता, दरवर्षीचंच आहे." त्यानं खाली साहेबांकडे पाहिलं. साहेब भोंगा काखेत धरून दुसऱ्या कुणाशी बोलत होते. "बरं, बसताच आहात तर मधे बसा. मधे कमी हलतं."

"टोकाला बसते."

"टोकाला जड माणसं लागतात मॅडम."

"मी काय हलकी आहे?"

ती सगळ्यात मागच्या ओळीकडे गेली. तिथं वायरमनची आई कडेला बसली होती. तिच्या पुढच्याच ओळीत नातवंडं एकमेकांना ढकलत होती. म्हातारीनं तिला पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला.

"अगंबाई! साबणबाई आज आमच्यात!" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे, बसा. बसा ना. मी सरकते."

बाक चिकट होता. पायाखाली कुणीतरी मक्याच्या लाह्या तुडवल्या होत्या. ती बसली. बाकाच्या पाठीच्या फटीत महिनाभराचं शेवाळ होतं, त्याचा वास येत होता. ऑपरेटरनं सगळ्यांच्या मांड्यांवर लोखंडी आडवी दांडी खाली ओढली. खट्ट आवाज झाला आणि ती घट्ट बसली. म्हातारीनं तिचा हात धरला. हात सकाळसारखाच चिकट होता.

"घाबरू नका. मी सकाळपासून सगळ्यांत बसले. त्या अजगराच्या गाडीत पण बसले. ह्या वयात!" ती म्हणाली. "साहेबांमुळं हो. नाहीतर आम्हाला कोण विचारतं?"

घंटा वाजली. जहाज थरथरलं, एकदा मागं गेलं, हळू, मग पुढं. वरच्या मोठ्या दांड्याशी काहीतरी घासल्यासारखं वाजलं, किंवा तिला तसं वाटलं. पोरं आतापासूनच किंचाळत होती. मागं जाताना खालचं सगळं तिला दिसलं. मांडव, घोडे, कठडे आणि मधे पांढरा शर्ट. तो अजून बोलत होता. मग भिंगरीनं त्याचा हात ओढला आणि बोट वर केलं. बाबा, ती बघा आई.

त्यानं वर पाहिलं.

त्यानं भोंगा तोंडाशी नेला, पण बोलायच्या आधीच दुसरा हात वर गेला होता, पंजा उघडा, आणि तो पळत होता. पळताना शर्ट बाहेर आला. "थांबव!" भोंग्यातून आवाज फाटला. "बंद कर! बंद कर आधी!"

खाली यंत्र करकरलं. जहाज आणखी एकदा डुललं, मग अर्धवट, मग थांबलं. टोकाची ओळ जमिनीपासून फार उंच नव्हतीच. अजून काही झालंच नव्हतं. माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मग कुरकुर सुरू झाली.

भोंगा पुन्हा सुरू झाला. आता आवाज सावरला होता, गोड झाला होता.

"माफ करा मंडळी. थोडी तांत्रिक अडचण आहे. आज जहाज बंद ठेवू या. मजा पुन्हा करता येईल, तुमच्या जिवापेक्षा मोठं काही नाही. सगळ्यांना साखरेचा कापूस पुन्हा, माझ्याकडून!"

आधी कुणीतरी एकानं टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. फिटरची बायको दोन्ही हात वर करून वाजवत होती. पोरांनी "कापूस, कापूस" असा गजर सुरू केला. मांड्यांवरच्या दांड्या मात्र निघेनात. मधेच बंद केल्यामुळं त्या अडकल्या होत्या. ऑपरेटर पुढच्या ओळीपासून एकेक दांडी किल्लीनं सोडवत येत होता. मागच्या ओळीला वेळ लागणार होता.

वायरमनच्या आईचे डोळे भरून आले होते. तिनं धरलेला हात दुसऱ्या हातानं थोपटला.

"बघा. एवढंसं काही वाटलं की थांबवतात. पळत आले हो, पळत. किती काळजी आमची!"

"तुमची नाही, आजी," ती म्हणाली. "मी बसले म्हणून थांबवलं."

म्हातारी हसली. नवरा-बायकोच्या प्रेमाची गोष्ट ऐकल्यासारखी तिनं मान हलवली. "असू दे की. बायकोवर जीव असायलाच हवा."

"नवं काही बसवलं की ते टिकतं का, हे आधी बघावं लागतं. पूर्वी त्यासाठी वाळूची पोती बसवायचे. ती बघा, मांडवाच्या खांबांना टाकलीयत. मीच शिवली होती."

म्हातारीनं मांडवाकडे पाहिलं. वाऱ्यानं कापड फुगत होतं आणि पोती आपल्या जागी पडून होती. मग ती नातवंडांच्या डोक्यांकडे बघत राहिली. पुढच्या ओळीत ती दोघं अडकलेल्या दांडीखालून पाय सोडवून घ्यायच्या खटपटीत होती.

"सकाळी आम्ही सगळ्यांत बसलो," ती हळू म्हणाली. "अजगरात पण."

"हो."

"तेव्हा तुम्ही कुठं होतात?"

"खाली. बाकावर."

"आणि तुमची पोर?"

 खाली नवरा पायऱ्यांशी उभा होता, धापा टाकत, तिच्याकडे बघत. भिंगरीचं मनगट त्यानं अजून सोडलं नव्हतं.

टाळ्या थांबल्या होत्या. ऑपरेटरची किल्ली दोन ओळी अलीकडं खुळखुळत होती. म्हातारीनं तिच्या हातावरचा आपला हात काढून घेतला, गुडघ्यावरच्या शालीचं टोक उचललं आणि तो पुसायला लागली. आधी तळवा, मग एकेक बोट.